गीता १३.८ : अनुदर्शन आणि कोलकात्याची दफनभूमी

आजचा श्लोक तेराव्या अध्यायातला आठवा. (काही प्रतींत तो नववा येतो, गोंधळू नका.) भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगताहेत. त्यातलं एक म्हणजे जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजार यांतलं दुःख, दोष वारंवार पाहणं. मूळ शब्द ‘अनुदर्शन’. एकदा पाहिलं आणि झालं, असं नाही. ‘अनु’ म्हणजे पुन्हा पुन्हा.

आता सांगा, आपण मरण पाहतो कधी? घरातलं कुणी गेलं की. तेव्हा रडारड, धावपळ, फोन. शांतपणे पाहायला मन जागेवर नसतंच. मग येतं ते श्मशानवैराग्य, आंघोळ करून चहा घेतला की उतरणारं. म्हणून मला वाटतं, जिथे आपलं कुणीच पुरलेलं नाही अशा जागी पर्यटक म्हणून जाणं हा या श्लोकाचा उत्तम अभ्यास आहे.

कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी मी अशीच पाहिली. १७६७ साली सुरू झालेली. आत कंपनीच्या काळातले शेवाळलेले स्तंभ, घुमट, पिरॅमिड. लोक त्यांचेच फोटो काढतात. पण पाट्यांवरची वयं वाचा! विशी-तिशीतली माणसं, तान्ही मुलं. रोझ एल्मर १८०० साली गेली, अवघी २० वर्षांची. हिंदू कॉलेजात शिकवणारा कवी डेरोझिओ १८३१ साली कॉलऱ्याने गेला, २२व्या वर्षी. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा लहान.

आणि तिथेच ‘हिंदू स्टुअर्ट’. कंपनीच्या फौजेतला मेजर जनरल, रोज गंगास्नान करणारा, घरात देवमूर्ती ठेवणारा. १८२८ साली वारला. त्याची कबर चक्क देवळाच्या आकाराची आहे. मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबलो.

या श्लोकावर माऊली सांगतात की दुखणं, म्हातारपण, मरण अंगावर येण्याआधीच ज्ञानी त्यांना ओळखून सावध होतो. आपण निरोगी आहोत, सुट्टीवर आहोत, हीच ती ‘आधीची’ वेळ ना?

कधी गेलात तर फोन थोडा वेळ खिशात ठेवा. (डास भरपूर, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.) एकच पाटी निवडा, जन्म-मृत्यूच्या सालांची वजाबाकी करा, आपलं वय शेजारी मांडा. मग तिथेच उभं राहून, कुणाला त्रास होणार नाही असं, मनातल्या मनात एक माळ नाम घ्या.

राम कृष्ण हरी.