प्रकाशाच्या वाटेविषयी पुतण्यास पत्र

मु. कैनाड, ता. डहाणू



प्रकाशीय मंडलांचा, म्हणजे विजेच्या तारांऐवजी प्रकाशाच्या वाटांनी जोडलेल्या चिपांचा, अभ्यास करण्याचे चिरंजीवाने ठरवले आहे, तेव्हा फोटॉनिक स्फटिकाचे मर्म त्याने आधी जाणून घ्यावे. सिलिकॉनच्या पातळ थरात सुमारे ४०० नॅनोमीटर अंतराने नियमित भोके पाडली, की प्रत्येक भोकापाशी थोडा प्रकाश विखुरतो आणि हे विखुरलेले तरंग एकमेकांत असे मिसळतात की ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला त्या जाळीतून पुढे सरकताच येत नाही. या मज्जावाच्या पल्ल्याला निषिद्ध पट्टा म्हणतात. डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत झाडांची एक ओळ लावलीच नाही तर तेथून बैलगाडीची वाट होते, त्याप्रमाणे भोकांची एक ओळ न पाडता सोडली की प्रकाशाला तेवढीच वाट उरते. वर-खाली मात्र त्याला पूर्ण आंतरिक परावर्तनच धरून ठेवते, हे विसरू नये.

ही कल्पना १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि केरळात जन्मलेले सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडली. मॅक्सवेलच्या समीकरणांना लांबीचे स्वतःचे माप नसल्याने रचना आणि तरंगलांबी एकाच प्रमाणात वाढवल्या, आणि पदार्थाचा अपवर्तनांक तोच राहिला, तर वर्तन बदलत नाही. म्हणूनच काटकोनात वळणाऱ्या वाटेची परीक्षा १९९८ मध्ये सिरॅमिकच्या कांड्या आणि मिलिमीटर लांबीचे तरंग घेऊन करता आली. महागड्या प्रयोगशाळेवाचून हा विषय शिकता येत नाही, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

या विद्येचे दुखणेही चिरंजीवाने डोळ्यांआड करू नये. काचतंतूत प्रकाशाची हानी किलोमीटरला ०.२ डेसिबेल इतकी अल्प असते, तर स्फटिकातील वाटेत ती सेंटिमीटरमागे मोजावी लागते, कारण भोकांच्या कडा किंचित खडबडीत राहिल्या तरी प्रकाश विखुरतो, आणि प्रकाश जितका मंदावतो तितके हे विखुरणे वाढते. उद्योगात आजही साध्या सिलिकॉन पट्ट्याच अधिक वापरल्या जातात, त्या याचमुळे. अनियमित रचनेत प्रकाश कसा अडकतो, याचा अभ्यास कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या गटाने केला आहे. तो चिरंजीवाने अवश्य वाचावा, कारण या क्षेत्राचा खरा प्रश्न तेथेच आहे.

तूर्त रॅले यांनी १८८७ मध्ये अभ्यासलेल्या एकमितीय थरांचे गणित त्याने स्वतःच्या हाताने सोडवावे आणि मगच संगणकावरील तयार प्रणालीकडे वळावे.