शून्याचा रकाना

दहावीला गणितात ५१ गुण पडले तेव्हा ज्याने त्याने एकच सांगितलं, आर्ट्स घे, गणिताची कटकट सुटेल. सुटली. बारावीला सुटली, बी.ए.लाही सुटली. अर्थशास्त्र घेतलं ते मराठी माध्यमातून, परीक्षेआधीच्या पंधरा दिवसांत नोट्स पाठ करून, आणि पहिला वर्गही मिळाला. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं. आईवडील दसरा झाला की टोळीबरोबर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणारे, मी आजीपाशी राहून शिकलेली. उपयोजित अर्थशास्त्राच्या एम.ए.ला बाहेरच्या एका संस्थेत नंबर लागला तेव्हा वडिलांनी मुकादमाकडून जादा उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जी चूक केली तिची किंमत त्या उचलीत होती.

'उपयोजित' या शब्दाने मी फसले. मला वाटलं, व्यवहारातलं अर्थशास्त्र, म्हणजे सिद्धांत कमी आणि गणित त्याहून कमी. प्रत्यक्षात उलटं आहे. व्यवहारात काय घडतंय ते मोजून दाखवायचं, म्हणून आकडेवारी आणि अर्थमिती हाच या पदवीचा कणा असतो. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर उपयोगितेचं फलन मांडलं आणि सीमांत उपयोगिता काढायला सांगितली. सीमांत उपयोगितेची व्याख्या मला तोंडपाठ होती, घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम अपवादांसकट लिहिता येत होता. पण ती 'काढायची' असते, ती म्हणजे डेरिव्हेटिव्ह असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शेजारच्या मुलीने दोन ओळींत उत्तर लिहिलं. मी वहीवर तारीख घालून बसले होते.

पहिल्या सत्रात माझे दोन विषय राहिले. घरी फोनवर 'पेपर चांगले गेले' असं सांगितलं. नापास होण्यापेक्षा हे खोटं बोलणं वाईट ठरलं, कारण त्यामुळे मी कुणाचीच मदत मागू शकले नाही. जानेवारी ते एप्रिल मी खोलीत एकटी झगडत राहिले. शेवटी वरच्या वर्गातल्या एका दादाला वही दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "तुला एम.ए. अवघड जात नाहीये, तुझी अकरावी राहिलीय."

तेव्हा जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींना ही वाट धरायची आहे त्यांना सांगते: प्रवेश घ्यायच्या आधी एक वर्ष काढा आणि विज्ञान शाखेची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं सोडवा. वाचू नका, सोडवा. फलनं, डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, संभाव्यता एवढं हातात बसलं की चियांग यांचं अर्थशास्त्रासाठीचं गणित आणि दामोदर गुजराती यांचं अर्थमितीचं पुस्तक उघडता येतं. ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, म्हणून रोज एक पान वाचायची सवय आत्ताच लावा. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला उपयोजित अर्थशास्त्राची पदवी चालते, पण ते पेपर इंग्रजीतच लिहावे लागतात. आणि पदवीच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम मागवून बघा.

गणित का हवं, हे मला एका लेखाने पटवलं. २००१ साली अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांनी महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॅनर्जींना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मोठे बागायतदार उसाचा भाव खाली ठेवून कारखान्यात पैसा राखतात आणि त्या पैशावर ताबाही आपलाच ठेवतात, असं त्या लेखाचं म्हणणं. आमच्या पारावर हे कुणीही सांगेल. पण पारावरचं बोलणं कुणीही झटकून टाकतं, आणि या चौघांना उत्तर द्यायचं तर आकडे घेऊनच बसावं लागतं. तो लेख मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पानापुढे जाता आलं नाही. ज्या कारखान्यांच्या दारात आईबापाचं आयुष्य गेलं त्यांच्यावरचा लेख मला वाचता येत नव्हता.

दुसरी चूक मात्र गणित जरा जमू लागल्यावर झाली. प्रबंधासाठी मी ऊसतोड मजुरांची पाहणी घेतली. प्रश्नावली एका जुन्या शेतमजुरांवरच्या प्रबंधातून जशीच्या तशी उचलली. फडावर गेले, मुकादम शेजारी उभा, आणि मी विचारत होते, "पुरुषाची दिवसाची मजुरी किती? स्त्रीची किती?" एक बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, "दिसाचं कुठं असतंय ताई? हिशोब मुकादमापशी." मी पुरुषाच्या रकान्यात अंदाजाने आकडा टाकला. स्त्रीच्या रकान्यात शून्य.

असे ६४ फॉर्म भरले. संगणकावर चढवले, तक्ते काढले. मार्गदर्शक बाईंनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "या ६४ बायका काम करत नाहीत का?"

मला उत्तर माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पैसे टनावर, उचल नवऱ्याच्या नावावर, आणि हिशोबात बाई म्हणजे अर्धा कोयता. एक दिवस नागा झाली की खाडा पडतो, तो कापून घेतात. हे सगळं घरात ऐकत मी मोठी झाले, आणि फॉर्म हातात आल्याबरोबर विसरले. पहाटेपासून राबणाऱ्या ६४ बायकांची मजुरी मी शून्य लिहिली होती. त्या सगळ्याच माझ्या आईसारख्या होत्या.

नीट मोजलं की काय होतं ते आपल्याच जिल्ह्याने २०१९ मध्ये पाहिलं. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड स्त्रियांबद्दल कुजबुज कितीतरी वर्षं होती. राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीतून १३ हजारांहून जास्त अशा शस्त्रक्रियांचा आकडा आला, आणि मग कुणाला नाही म्हणता आलं नाही. विषय शोधायला लांब जायची गरज नाही. फक्त प्रश्नावली आधी घरच्या माणसाला वाचून दाखवा, आणि मुकादमासमोर कधीही भरू नका.

मी ते तक्ते बाजूला ठेवले. नवे प्रश्न लिहिले: उचल किती, कुणाच्या सहीने, खाडे किती, कशामुळे. सुट्टीत गावी आले आणि पहिला फॉर्म आईपुढे धरला. घरी खरं काय ते सांगितलं तेही त्याच रात्री. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग चुलीपुढे बसून एकेका प्रश्नाला उत्तर देत गेली. मजुरीपाशी म्हणाली, "अर्ध्या कोयत्याचं लिही." मी लिहिलं.

"आन् पाणी आणलेलं, पहाटंच्या भाकरी, वाढे बांधून इकलेले, ते कुठं लिहिणार?"

तो रकाना फॉर्मवर नव्हता. पट्टी घेतली आणि आखला.