जीपचा अल्टरनेटर आणि आमची चूक



गेल्या पावसाळ्यात कोयना खोऱ्यातल्या एका वस्तीवरून अडलेल्या बाईला घेऊन मी रात्री मिरजेकडे निघालो होतो. पाटण जवळ आले तसे हेडलाइट पिवळे पडू लागले, वायपर मंदावले. इंजिन मात्र व्यवस्थित चालू होते. जुन्या डिझेल इंजिनला एकदा चालू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते, म्हणून ते बंद पडून आपल्याला सावध करत नाही. कसेबसे कराड गाठले आणि त्या ताईंना दुसऱ्या गाडीने पुढे पाठवले. आई व बाळ दोघे सुखरूप आहेत. पण त्या रात्री जो तास गेला तो माझ्यामुळे गेला.

कारण पंधराच दिवसांपूर्वी, गाडी सकाळी चालू होत नाही म्हणून, मी आपण दिलेल्या पैशातून नवी बॅटरी बसवली होती. काही तपासले नव्हते. दोष बॅटरीत नव्हताच. तो कसा ओळखायचा, हे आपणापैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे.

काम कसे चालते

कोयनेच्या वीजगृहात पाण्याच्या जोराने टर्बाइन फिरते आणि जनित्रात वीज तयार होते. गाडीत पाण्याच्या जागी इंजिनचा पट्टा असतो आणि जनित्र म्हणजे अल्टरनेटर. आपल्याकडे बरेच जण त्याला अजून डायनामोच म्हणतात. त्यात तयार होणारी वीज एसी असते. डायोड तिची डीसी करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज आवरून धरतो. बॅटरी हा फक्त हौद. विहिरीचा पंप बंद असेल तर हौद नवा बांधून काय उपयोग?

तपासणी, याच क्रमाने

१. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू होताच विझला पाहिजे. आमच्या गाडीत तो बल्बच गेलेला होता, म्हणून इशारा मिळाला नाही.

२. पट्टा पाहा. तो सैल, चिरलेला किंवा चकचकीत गुळगुळीत झाला असेल तर घसरतो. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा, अर्थची वायर घट्ट आहे ना ते बघा.

३. मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर उभी असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. हेडलाइट आणि वायपर लावल्यावरही आकडा १३ च्या खाली जाऊ नये. तो १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला; तशाने बॅटरीचे पाणी आटते. आमच्याकडे इंजिन चालू असतानाही १२ च होते.

४. आता अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या टोकावर मोजा. तिथे १४ आणि बॅटरीवर १२.५ असतील तर दोष वायरचा आहे. दोन्हीकडे कमी असेल तर अल्टरनेटर उतरवावा लागतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'गाडी चालते का बघू' असे बरेच जण करतात. त्याने व्होल्टेज एकदम उसळते आणि चांगले डायोडही जळतात.

बदलताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरमध्ये किल्ली बंद असतानाही वीज असते. मग पट्टा सैल करून वायरी काढाव्यात. कोणती कुठली त्याच्या खुणा करून ठेवाव्यात. सांगलीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने आमचा उघडून दाखवला. कार्बन पूर्ण झिजले होते. नुसते कार्बन किंवा बेअरिंग गेले असेल तर तेवढेच बदलून काम स्वस्तात होते. आमच्यात ज्या कड्यांवर कार्बन टेकतात त्यांनाही खोल चरे पडले होते, म्हणून पूर्ण बदलावा लागला.

आमच्यासारख्या अनेक जुन्या डिझेल जीपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो. तोच पट्टा तुटला तर चार्जिंगही जाते आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकही जड होतो. घाटउतारावर हे जिवावर बेतू शकते. म्हणून पंप असलेलाच अल्टरनेटर घ्यावा, पंपाच्या तेलाच्या व हवेच्या नळ्या नीट जोडाव्यात, आणि गाडी रस्त्यावर नेण्याआधी उभ्या जागी ब्रेक दाबून पाहावा. नवा पट्टा थोडा ताणतो, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा घट्ट करावा.

बसवल्यावर मीटरवर १४.२ आले. ती नवी बॅटरी सुदैवाने वाचली. जुनीही चार्ज करून पाहिली तर ती अजून चालते. तिच्यावर आता वस्तीवरच्या रात्रीच्या अभ्यासवर्गाचा दिवा लागतो. म्हणजे आपले पैसे अगदी वाया गेले नाहीत, पण त्यात माझे शहाणपण काही नव्हते.

आता गाडीच्या खणात एक साधा मीटर ठेवला आहे. दर सोमवारी सकाळी इंजिन बंद असताना आणि चालू असताना असे दोन आकडे मी वहीत लिहितो. पाच मिनिटांचे काम आहे. आपणही आपल्या गाडीचे आकडे या आठवड्यात एकदा पाहून ठेवा.

आपला,
जीपचा चालक