देण्याघेण्यातले विष

प्रश्न : मुलगा शिकायला जर्मनीत आहे. तिथे उंदीर मारायच्या औषधाच्या डब्यावर त्याने ‘गिफ्ट’ असे छापलेले पाहिले. ही काय भानगड?

उत्तर : भानगड काही नाही. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विषच. भेटवस्तू हवी असेल तर ‘गेशेंक’ म्हणायचे. गंमत अशी, की हे गिफ्ट आणि आपल्या वाढदिवसाचे गिफ्ट एकाच कुळातले. दोन्हींच्या मुळाशी ‘देणे’ आहे.

मग देण्याचे विष कसे झाले? ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘डोसिस’ म्हणत, म्हणजे ‘देणे’. आपला ‘डोस’ तोच, आणि त्यातला धातू ‘दान’मधल्या ‘दा’चा सख्खा भाऊ. लॅटिनमार्गे हा शब्द जर्मनांकडे पोचला. त्याच्या नमुन्यावर त्यांनी आपल्या ‘गिफ्ट’लाही मात्रेचा अर्थ दिला, आणि ती मात्रा पुढे विषाची ठरली. मला यात थोडी लपवाछपवीही दिसते. विषाला विष म्हणायला माणसे कचरतात. फ्रेंच-इंग्रजीतले ‘पॉयझन’ मुळात लॅटिन ‘पोतिओ’, म्हणजे नुसते पेय. शेतकरी फवारतो तेही ‘औषध’च, आणि तुम्ही तरी उंदरांच्या विषाला काय म्हटलेत?

जुना अर्थ जर्मनमध्ये अगदीच मेला नाही. ‘मिटगिफ्ट’ म्हणजे मुलीबरोबर द्यायचा हुंडा. डचांनी वाटणी करून टाकली : ‘गिफ्ट’ देणगी, ‘व्हेरगिफ’ विष.

खरी बहार स्वीडिशमध्ये. तिथे हाच शब्द ‘यिफ्त’ असा उच्चारतात आणि त्याचे अर्थ दोन : विष आणि विवाहित! लग्नाचा अर्थ मुलगी देण्यावरून आला. ‘मुलगी कुठे दिली?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. स्वीडिश लेखक स्ट्रिंडबर्गच्या 1884 सालच्या कथासंग्रहाचे नाव ‘यिफ्तास’, म्हणजे लग्न करणे. त्या पुस्तकापायी त्याच्यावर ईश्वरनिंदेचा खटला भरला गेला. तो निर्दोष सुटला. विवाहसंस्थेची त्याने जी चिरफाड केली आहे ती वाचताना दुसरा अर्थही आठवत राहतो.

राहता राहिली इंग्रजी. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, पण वधूसाठी मोजायच्या किमतीला; त्याचे अनेकवचन म्हणजे चक्क लग्न. उच्चारही ‘यिफ्त’सारखाच. आजचा ‘भेट’ हा अर्थ आणि सुरुवातीचा ठसठशीत ‘ग’, दोन्ही इंग्लंडात येऊन वसलेल्या व्हायकिंगांच्या बोलीतून आले.