धावण्याचे पैसे कसे होतात?

मुंबईत दर वर्षी जानेवारीत मॅरेथॉन शर्यत असते. २००४ साली ती सुरू झाली. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. म्हणजे केवढे? १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली, ते अंतर ३४ किलोमीटर. धावणारा ठाण्यालाही थांबत नाही. कळवा, मुंब्रा मागे टाकून जवळजवळ दिव्याला पोचतो म्हणा ना! (अठरा वर्षांखालच्यांना ही पूर्ण शर्यत धावू देत नाहीत, तेव्हा उद्याच निघू नका हां.)

यातले काही जण बक्षिसासाठी नव्हे, तर आजारी मुलांसाठी पैसे जमवायला धावतात. तुम्ही म्हणाल, पळून कसे हो पैसे मिळणार? रस्त्यात का ते पडलेले असतात? तसे नाही. धावणारा आधी नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे, कचेरीतल्या सोबत्यांकडे जातो आणि विचारतो, "मी अमक्या संस्थेसाठी धावणार आहे, तुम्ही काय द्याल?" कोणी पन्नास देतो, कोणी पाचशे. पैसे संस्थेला जातात, त्याच्या खिशात नाही.

कॅनडातला टेरी फॉक्स असाच धावला. १९७७ साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. इस्पितळात त्याने आजूबाजूची आजारी मुले पाहिली, ती त्याच्या मनातून जाईनात. १२ एप्रिल १९८० ला तो कृत्रिम पाय लावून निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला! भागाकार करून बघा, रोजचे साडेसदतीस किलोमीटर पडतात. पुढे रोग फुप्फुसात गेला आणि त्याला थांबावे लागले. जून १९८१ मध्ये तो वारला. पण त्याआधीच कॅनडातल्या माणशी एक डॉलर, म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, संशोधनासाठी जमले होते.

आता आपल्याकडचे पाहू. मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग जास्त आढळतो. औषधांनी पुष्कळ मुले बरी होतात, पण उपचार दोन-तीन वर्षे चालतात. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून हे काम करते. तिथे लांबलांबून मुले येतात. आईबापांची मजुरी बुडते, मुंबईत खोली परवडत नाही. अशा कुटुंबांना फुकट राहायला जागा देणारी सेंट ज्यूड नावाची संस्था मुंबईत २००६ साली निघाली. अशी कामे देणग्यांवरच चालतात.

बरे होऊन मूल शाळेत परत येते तेव्हा काय होते? डोक्यावर केस नसतात, अंग वाळलेले असते. मुले लांब सरकतात, काही घरी सांगतातही, "त्याच्याजवळ बसू नको." हे साफ चूक आहे. कर्करोग जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. उलट भीती त्यालाच! औषधांनी त्याची ताकद कमी झालेली असते, आपली सर्दी त्याला पटकन लागते. म्हणून नाक गळत असेल त्या दिवशी तुम्ही लांब बसा, बाकी दिवस त्याच्याच बाकावर. केस काही महिन्यांत परत येतात.

गणित सोडवा : एका धावपटूला ६० जणांनी दर किलोमीटरला २ रुपये कबूल केले. तो २१ किलोमीटर धावला, तर संस्थेला किती रुपये मिळाले?