आपल्या माळावर कोण कोण राहतं?



सरकारी कागदावर 'पडीक', ग्रामसभेत 'मोकळी जागा'. गावाबाहेरच्या माळाला आपण अशीच नावं देतो. पण रोज शेळ्या घेऊन तिकडं जाणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल तिथं कोण कोण दिसतं. या पाठात सोलापूर, करमाळा, कर्जत, इंदापूर, बारामती या पट्ट्यातल्या माळाची ओळख करून घेऊ.

इथं पाऊस कमी, माती उथळ, खाली मुरूम. अशा जागी मोठी झाडं कमीच, पण पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं जोमानं येतात. म्हणजे माळ हे तोडलेलं जंगल नव्हे, ते मुळातलंच गवताचं रान आहे. त्याची जनावरंही गवतात राहणारीच.

काळवीट तुम्हाला माहीत आहे. नर काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा. मादी बदामी, बिनशिंगांची. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य खास त्याच्यासाठी आहे, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. तेवढ्यात कळप मावणार कसा? तो आपल्या हरभऱ्यात शिरतो आणि शिव्या खातो. चिंकारा जास्त लाजरा, पाण्यावाचून बरेच दिवस काढणारा. तो बारामतीजवळच्या मयूरेश्वर सुपे अभयारण्यात दिसतो. हिवाळ्यात दूर मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, माळावर रात्र काढतात आणि टोळ फस्त करतात.

माळढोक मात्र आता दिसणं कठीण. हा वजनदार पक्षी उघड्या जमिनीवर एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो. कुत्र्यानं ते खाल्लं की त्या खेपेची वीण संपली. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजचं अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं सगळंच आलं, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांचा राग बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर केलं, पण तोवर पक्षी फारच थोडे उरले होते.

आता लांडगा. गटाच्या बैठकीत याच्यावरूनच आवाज चढतात आणि ते बरोबरच आहे. अंतर्गत कर्ज काढून शेळी घेतली, दोन हप्ते फेडले आणि तिसऱ्याच्या आधी लांडग्यानं ती नेली, तर ती ताई काय करणार? अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "उरलेल्या मढ्यावर औषध टाका." ते करू नका. लांडगा कायद्यानं संरक्षित आहे, गुन्हा दाखल होतो. शिवाय ते विष आपली कुत्री खातात, घारी खातात, खोकड खातं.

खोकडाचं तर उगाच नाव घेतलं जातं. कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं. त्याचं खाणं म्हणजे उंदीर, टोळ, बोरं. मोठी शेळी मारणं त्याला जमतच नाही. उंदीर खाणारं जनावर मारून आपण ज्वारीचंच नुकसान करतो.

मग शेळी गेली तर काय करायचं? लांडग्यानं मारलेल्या शेळीला वन विभागाकडून भरपाई मिळते. मढं जागेवरून हलवू नका. पायाचा ठसा दिसला तर त्यावर घमेलं पालथं घाला, म्हणजे तो पुसत नाही. कुत्रा की लांडगा हा वाद तिथंच मिटतो. मोबाईलवर फोटो काढा. लगेच वनरक्षकाला कळवा, ४८ तासांच्या आत. तो भेटला नाही तर १९२६ या नंबरवर फोन करा. पंचनामा झाल्याशिवाय दावा पुढं सरकत नाही. शेळीचा विमा असेल तर कानातला बिल्ला जपून ठेवा आणि विमा कंपनीलाही तेव्हाच कळवा. गटाच्या सचिवांनी या दिवशी त्या ताईसोबत जावं. एकटी बाई कार्यालयात गेली की "उद्या या" ऐकून परत येते.

गोठ्याचंही बघा. नुसती काट्याची कड पुरत नाही, वरून जाळी किंवा छप्पर हवं. करडं घरातच ठेवावीत, रानात शेवटी रेंगाळणारं करडूच आधी जातं.

आणखी एक. गायरानात वृक्षलागवडीचा ठराव येतो तेव्हा आपण सगळ्याजणी हात वर करतो, कारण झाड लावणं वाईट कसं असेल? पण माळभर गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ दाट लावली की सावलीत गवत मरतं. मग शेळी-मेंढीचा चारा गेला, काळविटाचाही गेला. कळप आणखी शेतात उतरतो. आणि काळवीट, ससे कमी झाले की लांडग्याला आपल्या गोठ्याशिवाय दुसरं काय राहतं? झाडं बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात लावा म्हणावं.

येत्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि शेळी पाळणाऱ्या ताईंकडून विचारून घ्या: गेल्या वर्षभरात गटातल्या किती शेळ्या गेल्या, त्यातल्या किती कुत्र्यांनी मारल्या, किती लांडग्यानं आणि किती जणींनी पंचनामा करून घेतला. तो आकडा इतिवृत्तात लिहून माझ्याकडे पाठवा. तालुक्याच्या बैठकीत वन विभागाचे साहेब येणार आहेत, तिथं आपल्याला तो मांडायचा आहे.