मुलाचे पाय पाळण्यात दिसतात : क्लबफूट असलेल्या बाळाचे संगोपन



"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" ही म्हण आपण वर्गात नेहमी शिकवतो. मूल पुढे कसे निघणार याची चुणूक लहानपणीच दिसते, असा तिचा अर्थ आपण मुलांना लिहून देतो. आज मात्र ही म्हण जरा शब्दशः घेऊया. काही बाळांचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असते, तळवा एकमेकांकडे पाहतो आणि टाच वर ओढलेली असते. याला क्लबफूट म्हणतात. आपल्याकडे "वाकडं पाऊल", "फेंगडा पाय" असे शब्द ऐकू येतात. हा दोष पाळण्यातच दिसतो आणि पाळण्यातच उपचार सुरू केले तर बाळ इतर मुलांसारखे चालते, पळते, लंगडी आणि खो-खोही खेळते.

हा लेख अशा बाळांच्या आईवडिलांसाठी आहे. शिक्षकांसाठी आणि अंगणवाडीताईंसाठीही आहे, कारण हा उपचार चार-पाच वर्षे चालतो. म्हणजे तो घरात सुरू होतो आणि आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

क्लबफूट का होतो?

साधारण हजार बाळांमागे एका बाळाला क्लबफूट असतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये याचे प्रमाण सुमारे दुप्पट आहे. जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही, काही घरांत आनुवंशिकता दिसते.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते. ग्रहणात आईने भाजी चिरली, पाय दुमडून बसली, सुईदोरा हातात घेतला म्हणून बाळाचे पाऊल वाकडे झाले, असे आजही घरोघरी बोलले जाते. याला काहीही आधार नाही. या बोलण्याने पायाला फायदा होत नाही, बाळंतीण मात्र आतून खचते. पुढची चार वर्षे बाळाला रोज बूट घालण्याचे काम मुख्यतः तिलाच करायचे असते. तिला दोष देऊन घरातले लोक उपचाराचा मुख्य आधारच कमकुवत करतात. सासूबाई, आजी, नणंद, सगळ्यांनी हे लक्षात घ्यावे ही विनंती.

सव्वा महिना थांबू नका

आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. पहिले बाळंतपण माहेरी असते. पाचवी, बारसे, मालिश, शेक-शेगडी यात दिवस भराभर जातात. "मालिश केल्यावर पाय सरळ होईल" असे कोणीतरी अनुभवी बाई सांगते आणि घर निर्धास्त होते.

काही बाळांचे पाऊल पोटातल्या स्थितीमुळे नुसते वळलेले असते. ते हाताने सहज सरळ करता येते आणि बहुधा आपोआप सुधारते. खरा क्लबफूट मात्र ताठ असतो, तो मालिशने जात नाही. दोन्हींतला फरक डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत हाडे, स्नायू आणि सांधे सगळ्यात लवचिक असतात, म्हणून तेव्हाच दाखवावे. विश्रांती आईची चालू द्या, बाळाला मात्र वडील, मामा, आजी कोणीही घेऊन जाऊ शकते. जमल्यास आईने सोबत जावे, म्हणजे दूध पाजायची अडचण येत नाही.

आशाताई घरी येते तेव्हा बाळाचे पाय तिला उघडून दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिच्या भेटी ठरलेल्या असतात. दुपटे सोडून पाय दाखवायला दोन मिनिटे लागतात.

उपचार कसा होतो?

आज जगभर पॉन्सेटी पद्धत वापरली जाते. डॉ. इग्नासियो पॉन्सेटी (१९१४-२००९) हे मूळचे स्पेनचे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात त्यांनी ही पद्धत विकसित केली. त्या काळी मोठ्या शस्त्रक्रियेवर भर होता, त्यामुळे कितीतरी वर्षे या पद्धतीकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे ज्या पालकांच्या बाळांचे पाय यामुळे सुधारले, त्यांनीच ती इतर पालकांना सांगितली आणि तिचा प्रसार वाढला. त्यांचा जन्मदिवस ३ जून हा जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

उपचाराचे तीन टप्पे आहेत.

१) प्लास्टर : डॉक्टर पाऊल हळुवार हाताने थोडे थोडे वळवतात आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. दर आठवड्याला जुने काढून नवे घालतात. साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात. दर वेळी पाऊल थोडे अधिक बाहेर वळते.

२) छोटी शस्त्रक्रिया : बहुतेक बाळांची टाच अजून वर ओढलेली राहते. मग टाचेमागची शीर म्हणजे स्नायुबंध एका बारीक छेदातून सैल करतात. लहान बाळात हे सहसा जागा बधिर करून होते. त्यानंतरचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात, तेवढ्यात ती शीर योग्य लांबीवर पुन्हा जुळून येते.

३) दांडीचे बूट : दोन बूट एका दांडीला जोडलेले असतात. वाकडे पाऊल ६० ते ७० अंश बाहेर वळलेले राहील अशी त्यांची रचना असते. पहिले तीन महिने दिवसात २३ तास घालायचे, फक्त अंघोळीपुरते काढायचे. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, असे चार ते पाच वर्षांपर्यंत.

खरी परीक्षा तिसऱ्या टप्प्यात आहे. पहिले दोन टप्पे डॉक्टरांच्या हातात असतात आणि दोन-अडीच महिन्यांत संपतात. तिसरा पूर्णपणे घराच्या हातात असतो. पाऊल सरळ दिसू लागते, बाळ बूट घातले की रडते, पाहुणे म्हणतात, "आता बरं झालंय की, कशाला लेकराला बांधून ठेवता?" आणि बूट माळ्यावर जातात. पाऊल पुन्हा वळण्याचे मुख्य कारण हेच आहे. पाऊल वाढत असते आणि वाढताना जुन्या वळणाकडे जाते. म्हणून सरळ दिसणाऱ्या पायालाच बूट घालायचे असतात, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा.

प्लास्टर असताना काय पाहावे?

- बोटे सतत दिसली पाहिजेत. बोट हलकेच दाबून सोडा. ते पांढरे होऊन लगेच गुलाबी झाले पाहिजे.
- बोटे निळी-काळी, थंड किंवा सुजलेली वाटली, प्लास्टर खाली सरकून बोटे आत गेली, वास किंवा पाणी येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- प्लास्टर भिजवू नका. ओल्या फडक्याने अंग पुसा. लंगोट वारंवार बदला.
- पहिला दिवस बाळ किरकिरते. पायाखाली मऊ घडी ठेवा आणि नेहमीसारखे मांडीवर घेऊन पाजा.

दांडीचे बूट घालताना

- आधी सुती मोजे, मग बूट. टाच बुटात पूर्ण खाली बसली की मगच पट्टा किंवा नाडी आवळा. टाच निसटत असेल तर बूट घालून न घातल्यासारखेच आहे.
- पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडते. पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत म्हणून ते चिडते. दोन्ही गुडघे एकत्र वाकवून, सरळ करून खेळवा. बाळ ते लवकर शिकते.
- रडले की काढले असे केले तर रडले की सुटका होते, हे बाळाला लगेच कळते. आपण शिक्षक हा नियम ओळखतोच!
- झोपायची वेळ आणि बूट यांची सांगड घाला. दात घासणे, बूट, गोष्ट, झोप, असा क्रम रोज तोच ठेवा.
- दांडीला जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळा. कडेवर घेतल्यावर ती तुम्हाला टोचणार नाही आणि बाळालाही लागणार नाही. झोळीत दांडी अडकते, त्यामुळे सपाट अंथरूण बरे.
- सुरुवातीला दिवसातून काही वेळा मोजा काढून कातडी पाहा. फोड किंवा न जाणारा लाल डाग दिसला तर दाखवा. मनाने बूट बंद करू नका.
- बोटे बुटाच्या पुढे वळू लागली की माप लहान झाले. पुढचे माप आधीच मागून ठेवा.

आपल्या जिल्ह्यातील खरी अडचण

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. उचल घेतलेली असते, कोयता मोडता येत नाही. बाळाला दर आठवड्याला प्लास्टर कसे करणार? येथे नुसता उपदेश उपयोगाचा नाही, नियोजन लागते.

बाळ हंगामाआधी जन्मले असेल तर प्लास्टरचे आठवडे निघण्यापूर्वी पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा. ते जमणार नसेल तर ज्या कारखान्यावर जाणार त्याच्या जवळचे रुग्णालय डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि उपचाराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत सोबत न्यावेत. बुटांचा टप्पा असेल तर बूट कोपीवर गेलेच पाहिजेत. पहाटे आई फडात जाते तेव्हा बाळ कोणाजवळ झोपते, त्या आजीला किंवा थोरल्या बहिणीला बूट घालायला शिकवावे. माहेराहून सासरी जातानाही हेच नियोजन लागते. तालुका बदलला तरी उपचार थांबता कामा नये.

मदत कुठे मिळते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. जन्म ते १८ वर्षे वयोगटासाठीच्या या कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूट आहे आणि उपचार मोफत आहेत. याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा तपासणीला येते. पण नवजात बाळासाठी पथकाची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या. लोणी आणि विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही अस्थिरोग विभाग आहेत. कुठेही जाताना लहान बाळांचे क्लबफूट कोणत्या वारी पाहतात, हे आधी विचारून घ्या, म्हणजे मजुरी बुडवून केलेली खेप वाया जाणार नाही.

शिक्षक आणि अंगणवाडीताईंनी काय करावे?

१) अंगणवाडीत मूल दुपारी झोपत असेल तर पालकांशी बोलून बूट घालायला शिकून घ्या. इतर मुलांना "हे रात्रीचे बूट, पाय मजबूत करतात" एवढे साधे उत्तर पुरते.

२) पहिलीत आलेल्या मुलांकडे परिपाठाच्या रांगेत आणि कवायतीत लक्ष द्या. टाच टेकत नाही, पाऊल आत वळते, उकिडवे बसता येत नाही, चालताना भार बाहेरच्या कडेवर येतो, ही पाऊल परत वळत असल्याची लक्षणे असू शकतात. वर्गाबाहेरच्या चपलाही पाहा. एकाच बाजूची कड झिजलेली चप्पल बरेच काही सांगते.

३) उपचार झालेल्या पायाची पोटरी थोडी बारीक आणि पाऊल थोडे लहान राहू शकते. तो दोष नाही आणि खेळातून वगळण्याचे कारणही नाही. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक जिंकणारी क्रिस्टी यामागुची जन्मली तेव्हा तिला क्लबफूट होता.

४) "लंगड्या", "फेंगड्या" ही हाक पहिल्यांदा ऐकाल त्याच दिवशी थांबवा.

५) मोठ्या वयात उपचार न झालेले मूल दिसले तर "आता उशीर झाला" असे आपण ठरवू नये. मोठ्या मुलांवरही उपचार होतात, फक्त ते अधिक अवघड असतात. पथकाकडे नाव द्या, पालकांना सोबत घ्या आणि समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा.

पालकहो, चार वर्षे म्हणजे सुमारे दीड हजार रात्री. त्यातल्या काही रात्री बाळ आजारी असेल, तुम्ही थकलेले असाल, लग्नाच्या घरी असाल. एखादी रात्र चुकली तर अपराधी वाटून घेऊ नका, दुसऱ्या रात्री पुन्हा घाला. फक्त सलग सुटी होऊ देऊ नका. आणि हा भार एकट्या आईवर ठेवू नका. बाबांनीही बूट घालायला शिकावे, आजीने शिकावे.

आपल्या गावात, वाडीवर, शाळेच्या पटावर असे बाळ असेल तर हा लेख त्या घरी वाचून दाखवा. मोबाईलवर पाठवून भागत नाही, पाच मिनिटे बसून बोला.